पारवा

डंडीत सकाळी नदीवरून धुकं चढतं,
त्याला इथले लोक हार म्हणतात.
हार आला, म्हणतात, आणि खिडक्या लावून घेतात.
सहा वर्षं झाली, मला अजून सवय नाही.
आपल्याकडे हार गळ्यात पडतो,
नाहीतर हार पत्करावी लागते.

तागाच्या जुन्या गिरणीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझं काम दगड घासण्याचं.
बव्हेरियाहून कधीकाळी आलेला चुनखडीचा दगड,
त्यावर कुरुंदाची पूड, पाणी,
आणि लोखंडाची जड चकती फिरवत राहायची
आठच्या आकड्यात, आधीचं चित्र जाईपर्यंत.
इंग्रजी आठ. मराठी आठ
खालून उघडाच राहतो, कोपरे झिजतील.
मावशीला फोनवर म्हटलं, शिळेवर काम करते.
तिला ऐकू आलं, शिळ्यावर.
म्हणाली, ताजं कर गं काहीतरी.

इशबेल राटरे एक्याऐंशीची.
पन्नास वर्षं तीच तीन माणसं काढतेय:
चौकोन, अर्धगोल, त्रिकोण.
माणसं हा माझा शब्द, तिला चालत नाही.
पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, हे काय आहे?
"त्रिकोण," ती म्हणाली. "दिसत नाही का?"

एका रंगाला एक दगड.
पिवळा चौकोनही दगडावर काळाच असतो,
तेलकट काळ्या खडूनं काढलेला.
रंग मागाहून येतो, रुळावर,
चिकट, जवसाच्या वासाचा.
पाणी बसतं तिथे शाई बसत नाही.
एवढंच शास्त्र. बाकी मनगट.

मार्चमध्ये तिच्या नजरेच्या मधोमध डाग पडला.
कडा शाबूत. "बाजू दिसतात मला,
आतलं तू सांग."
इंग्रजीत माझ्याकडे पिवळे दोनच होते,
ते एका सकाळीत संपले.
मग हळदी म्हटलं. मग पिकल्या लिंबोळीचा.
अर्धगोलाला चिंतामणी म्हटलं आणि अडकले:
निळा, पण कापड हलवलं की दुसराच,
उभा धागा एक, आडवा वेगळा.
"कागद हलत नाही," ती म्हणाली,
आणि निळा पातळ करायला सांगितला,
खालची हळद थोडी हलू दे म्हणून.
त्रिकोण शेंदरी. त्यावर वाद झाला नाही.

चौथा दगड, जिथे तिघं एकमेकांवर येतात तिथला.
करडा हवा होता, पाणी घातलेला काळा नको.
सहा वेळा घोटला. सहा वेळा नाही म्हणाली.
हारासारखा? नको, तो ओला असतो.
"खिडकीत बसतात ना ते,
त्यांच्या पाठीवरचा."
मी म्हटलं, पारवा.
पक्षीही तोच, रंगही तोच, आम्ही दोन शब्द केले नाहीत.
"पार्र्वा," ती म्हणाली,
र असा घोळवून, की बाहेरचे दोन उडाले.

बावीस प्रती काढल्या.
शेवटच्या प्रतीत त्रिकोण केसभर सरकला होता.
मी बोलले नाही.
तिनं अंगठ्यानं कड चाचपली.
"सरकलाय," म्हणाली. "राहू दे त्याला."
आणि खाली पेन्सिलीनं सही,
ओळ सोडून, कागदाबाहेर टेबलावर गेलेली.

प्रती झाल्या की दगड पुसायचा, असा नियम,
कुणी तेविसावी काढू नये म्हणून.
काळ्या दगडावरची रेघ, म्हणत आलो आपण,
न बदलणाऱ्या गोष्टीला.
हा दगड पिवळट आहे. रेघ जाते.
शुक्रवारी पारव्याचा दगड घासायला घेतला,
दोनशे आठ मोजले, खांदे भरून आले.
पाणी ओसरलं तर एका कडेला
नखाएवढा कोन उरलेला,
हिचा, की हिच्याही आधीच्या कुणाचा,
कळायला मार्ग नाही.

तिला फोन केला.
ती जरा वेळ गप्प होती. मग,
"कोणत्या रंगाचा?"

दगडाला रंग नसतो, हे तिनंच शिकवलेलं.
थांबा, म्हटलं,
अजून ओला आहे.